विनंती अर्ज, कार्बन प्रतीसह

२९ एप्रिल १९९६, तासगाव

ही डायरी फलटणच्या सासऱ्यांनी जानेवारीत दिली. साखर कारखान्याची आहे, पहिल्या पानावर संचालक मंडळाचे फोटो. "जावईबापू, तुमचं अक्षर मोत्यासारखं, वाया घालवू नका," म्हणाले होते. चार महिने ती कपाटात पडून होती. चंदनबाला तिच्यात लोणच्याच्या कृती उतरवायला निघाली, म्हणून आज ताब्यात घेतली. पहिल्या पानावर नावगाव लिहायचं असतं ते लिहितो : भरतेश पायगोंडा मगदूम, सहायक शिक्षक (इंग्रजी), नोकरी एकोणीस वर्षे, पैकी एकही लेटमार्क नाही.

लिहिण्याचं खरं कारण वेगळं आहे. मनात काही असलं आणि घरात बोललो की चंदनबाला प्रश्न विचारते. डायरी विचारत नाही.

आज हेडसरांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर गेल्या वर्षीचा दहावीचा निकाल. एकाहत्तर टक्के. नापास अकरा, त्यातले नऊ फक्त इंग्रजीत. हेडसर कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त लागतं. म्हणाले, "मगदूम, बाकीचे सहा विषय मिळून शाळेची होडी वल्हवतात आणि तुमचा एकटा तिला भोक पाडतो." चेअरमनसाहेबांना यंदा दहावीत जाणाऱ्या बॅचचा निकाल शंभर टक्के हवा आहे. पुढच्या वर्षी पर्यवेक्षकाची जागा रिकामी होते, हेही त्यांनी सहज म्हणून सांगितलं.

उपाय त्यांनीच सुचवला. सतरा नंबर. शाळेत नाव नसलेल्याला बाहेरून दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरतात. परीक्षा तीच, पेपर तोच, फक्त निकाल शाळेच्या नावावर धरत नाहीत. नववीत जे इंग्रजीत कच्चे निघालेत त्यांना नापास करायचं नाही, उगाच पालक भांडायला येतात. पास करायचं, आणि जूनमध्ये पालकांचा अर्ज घेऊन नाव कमी करायचं. बऱ्याच ठिकाणी असंच चालतं म्हणे.

"यादी तुम्ही करा," हेडसर म्हणाले. "तुमचा विषय, तुमचा अंदाज."

४ मे

यादी केली. सात नावं. सहा मुलांबद्दल फारसा विचार करावा लागला नाही. त्यातल्या तिघांना आपलं स्वतःचं नावसुद्धा इंग्रजीत दर वेळी नव्यानं सुचतं.

सातवं नाव आम्रपाली कांबळे. गणितात अठ्ठ्याहत्तर, विज्ञानात सत्तर, इंग्रजीत चोवीस. हजेरी शहाण्णव टक्के. खालच्या वाडीहून एसटीने येते, सहा किलोमीटर. वर्गात तोंड उघडत नाही. मोठ्याने वाचायला उभी केली की पुस्तक छातीशी धरून खाली बघते. पण मागे एकदा मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली होती. हातात उपकेंद्रातल्या सिस्टरकडून आणलेली औषधांची रिकामी पाकिटं. "सर, एक्स्पायरी म्हंजे काय?" मी म्हटलं, हा शब्द आपल्या अभ्यासक्रमात नाही. मग विचारलं, "सर, नर्स व्हायला किती इंग्रजी लागतं?" मी म्हटलं, "पस्तीस मार्कांचं." स्टाफरूममध्ये सगळे हसले. तीही हसली, असं मला वाटलं.

नाव दोनदा खोडलं, दोनदा लिहिलं. हेडसरांना विचारलं की ही एक पोर ठेवली तर? ते म्हणाले, "इंग्रजीत पडली तर गणितातले अठ्ठ्याहत्तर काय चाटायचेत? नव्व्याण्णव म्हणजे शंभर नव्हे, मगदूम." बरोबरच आहे ते. एकाला वेगळा न्याय लावला तर बाकीच्या सहांवर अन्याय होईल.

१२ जून

पालकांना बोलावलं होतं. अर्ज मीच लिहिले, सातही. एक मसुदा तयार केला, नाव तेवढं बदललं. खाली कार्बन घालून प्रत काढली आणि प्रत्येकाला पोच म्हणून दिली. काम चोख पाहिजे, उद्या कोणी म्हणायला नको की आम्हाला कागद दिला नाही. हेडसर म्हणाले, कार्बनची काय गरज होती? मी म्हटलं, पद्धत म्हणजे पद्धत. मसुदा असा :

"माझी मुलगी कु. आम्रपाली ही इंग्रजी विषयात कच्ची असून तिला शाळेत नियमित येणे जमत नाही. सबब मी तिला स्वखुशीने शाळेतून काढून घेत आहे. याबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही."

नियमित येण्याचं वाक्य सातही अर्जांत तसंच राहिलं. आम्रपालीच्या बाबतीत ते खरं नाही, पण एकीसाठी मसुदा बदलणं बरं दिसलं नसतं.

सहा पालकांनी अंगठे आणि सह्या करून टाकल्या. आम्रपालीची आई मुक्ताबाई शेवटी आल्या. नवरा नाही, बेदाण्याच्या शेडवर कामाला जातात. मी शाईचा पॅड पुढे सरकवला तर म्हणाल्या, "आंगठा न्हाई सर. म्या सही शिकलीया." साक्षरतेच्या वर्गाला जातात म्हणे. खुर्चीत नीट बसल्या, पदर सारखा केला आणि पेन धरलं. मुक्ताबाई एवढं लिहायला पाच मिनिटं लागली. जोर इतका की कार्बनची प्रत मूळ अर्जापेक्षा ठळक उठली. सरकारी कागदावरची त्यांची ही पहिली सही. मी म्हटलं, "छान आहे हो अक्षर." बाई लाजल्या.

मग म्हणाल्या, "काय लिव्हलंया ह्यात?"

"आम्रपालीला दहावीच्या परीक्षेला बसता यावं, त्याचा अर्ज."

"मंग चांगलंच हाय की."

मी खोटं बोललो नाही. सगळं सांगितलं नाही, इतकंच.

१६ जून

ठरवलं. सातही जणांना रोज शाळा सुटल्यावर पावणेपाच ते पावणेसहा व्हरांड्यात फुकट शिकवायचं. हेडसरांनी परवानगी दिली. नाव कमी केलं म्हणून मी त्यांना वाऱ्यावर सोडणार नाही. खरं सांगायचं तर आता मन हलकं वाटतंय.

चंदनबालाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आधी दारातून बाहेर काढायचं आणि मग खिडकीतून घास भरवायचा. शाळाच ना तुमची?" बायकांना प्रशासन कळत नाही.

२४ जून

दिवसभर कारकुनी. सात नावं सगळीकडून कमी केली : हजेरीपट, ग्रंथालयाचं रजिस्टर, प्रयोगशाळेचे गट, एसटीच्या पासची यादी. प्रत्येक ठिकाणी पट्टी लावून लाल शाईची एकच सरळ रेघ. पासची यादी नव्याने लिहून फळ्याशेजारी लावली. हेडसर उभे राहून बघत होते. म्हणाले, "मगदूम, तुमची यादी फ्रेम करून ठेवावी." एवढं कौतुक त्यांनी कोणाचं केलेलं मी ऐकलं नाही.

९ जुलै

व्हरांड्याच्या वर्गाला सातांपैकी चौघं येतात. आम्रपाली येते, पण पावणेपाचच्या वर्गाला सव्वापाच-साडेपाच! खालच्या वाडीची एसटी चार चाळीसला फाट्यावर येते, मी स्वतः बघितलं आहे. म्हणजे फाट्यापासून शाळेपर्यंत ही अर्धा-पाऊण तास काय करते? वाटेत मैत्रिणींशी गप्पा छाटत असणार. आज सगळ्यांसमोर बोललो, "वेळ पाळता येत नसेल तर येऊ नकोस." ती म्हणाली, "व्हय सर." येते म्हणाली की येत नाही, तेही कळलं नाही.

वाचायला सांगितलं तर आज तिने वाचलं. पहिल्यांदाच. अडखळत, पण थांबली नाही. आवाज चांगला आहे तिचा.

२ ऑगस्ट

सांगलीला जाऊन आलो. सातही फॉर्म विश्रामबागच्या केंद्रावर स्वतः भरले, पोचपावत्या घेतल्या. परीक्षेचं केंद्रही तिकडेच मिळेल असं कळलं. येताना चंदनबालाला भडंग आणलं. एक काम तडीला गेलं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. चंदनबाला हौसेने शाळेत आली होती. मुलांच्या रांगा, बँड, चेअरमनसाहेबांचं भाषण. आम्रपाली गेटच्या बाहेर उभी होती. गणवेश घातला होता. राष्ट्रगीताला बाहेरच ताठ उभी राहिली. नंतर लाडू वाटताना आमचा शिपाई कोंडीबा माझ्याकडे आला. "सर, गेटातल्या पोरीला द्यायचा का लाडू?" मी म्हटलं, पटाप्रमाणे वाट, नाहीतर शेवटी कमी पडतात. तो जरा थांबला आणि गेला.

घरी येताना चंदनबाला म्हणाली, "ती पोर चालत येते का हो? पाय बघितले तिचे? घोट्यापर्यंत चिखल होता."

मी म्हटलं, "मी शिक्षक आहे, मुलींचे पाय बघत नसतो."

"बघायला हवेत," ती म्हणाली. पावसाळ्यात चिखल सगळ्यांच्याच पायांना लागतो.

३० ऑगस्ट

व्हरांड्याच्या वर्गाची शंभर मार्कांची चाचणी घेतली. आम्रपालीला एकतीस! चोवीसवरून एकतीस, तेही दोन महिन्यांत आणि तेही अर्धाच तास बसून. पस्तीसला चारच कमी. पत्रलेखनात तिने रजेचा अर्ज स्वतःच्या शब्दांत लिहिलाय. चुका भरपूर, पण पाठ केलेला नाही. इतक्या वर्षांत असा अर्ज मी पाचसहाच बघितले असतील.

मनात आलं, ही पोर वर्गातच असती तर मार्चपर्यंत पंचेचाळिसाला गेली असती. लगेच दुसरं मनात आलं, वर्गात असती तर मी व्हरांड्यात कशाला शिकवलं असतं? म्हणजे झालं ते तिच्या पथ्यावरच पडलं.

१९ ऑक्टोबर

आम्रपाली आठ दिवस आली नाही. तिच्या शेजारची अक्षता दहावीत आहे, तिला विचारलं. म्हणाली, "सर, ती बागंत छाटणीच्या काड्या येचाय जाती. अंधार लवकर पडतूया, म्हणून यायचं बंद केलंया." मी म्हटलं, एसटीला अंधाराचं काय? अक्षता माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि वर्गात निघून गेली. या पोरींना मोठ्या माणसांशी बोलायची रीत राहिलेली नाही.

वाईट वाटलं, लपवत नाही. आपण फुकट शिकवायचं, संध्याकाळचा चहा सोडायचा, आणि यांना काड्या वेचायच्या. पालथ्या घड्यावर पाणी. उरलेल्या तिघांसाठी आठवड्यातून दोनच दिवस वर्ग ठेवला आहे.

२१ डिसेंबर

स्नेहसंमेलन सोमवारवर आलं. माझ्याकडे इंग्रजी नाटुकलं. राजाला संवाद येत नाहीत आणि प्रधानाला मिशी चिकटत नाही. त्यात कोंडीबा आला, "कांबळ्याची मुक्ताबाई आलीया. पिशवीत कसला तरी कागद घिऊन हुबी हाय. सरास्नीच दावायचा म्हणती."

दाखला नाहीतर कसलं तरी सर्टिफिकेट हवं असणार. म्हटलं, "उद्या ये म्हणावं."

आज शनिवार, उद्या रविवार, हे घरी आल्यावर लक्षात आलं. येईल सोमवारी.

७ जानेवारी १९९७

नवी डायरी आली नाही. सासऱ्यांच्या कारखान्याने यंदा छापल्याच नाहीत. हिच्यातच बरीच पानं कोरी आहेत, जुन्या तारखा खोडून लिहितो. चंदनबाला म्हणते, गेलेल्या दिवसांवर लिहिताय, जपून.

मुक्ताबाई काही परत आल्या नाहीत. म्हणजे काम तितकं महत्त्वाचं नव्हतं.

मार्च, इंग्रजीच्या पेपरचा दिवस

शाळेच्या मुलांना सकाळी शेवटच्या सूचना दिल्या. सगळे तयार आहेत. रोज दोन जादा तास घेतलेत, भिंतीलासुद्धा पत्रलेखन पाठ झालं असेल.

सतरा नंबरवाल्यांचं केंद्र विश्रामबागला. आम्रपालीचं हॉलतिकीट अक्षताबरोबर पाठवलं होतं, त्यावर "शुभेच्छा" असं लिहून. माझी दुसऱ्या केंद्रावर पर्यवेक्षणाची ड्यूटी होती. तीन तास फेऱ्या मारत होतो. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी पेपर बघून पुस्तक धरल्यासारखी प्रश्नपत्रिका छातीशी धरून बसली होती. मी दोनदा तिच्याजवळ जाऊन परत आलो.

१८ जून १९९७

शंभर टक्के! शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा. इंग्रजीत सगळ्यांत कमी सदतीस. हेडसरांनी मला मिठी मारली. त्यांच्या अंगाला निलगिरीचा वास येतो हे वीस वर्षांत कळलं नव्हतं.

दुपारी सतरा नंबरवाल्यांचे निकाल कळले. सातांपैकी तिघे पास. आम्रपाली गणितात एक्क्याऐंशी, इंग्रजीत सत्तावीस. नापास.

हेडसर म्हणाले, "बघा मगदूम, तुमचा अंदाज कसा अचूक होता. ही एक वर्गात असती तर आपले शंभर गेले होते."

ते ऐकून मला बरं वाटलं. ती नापास झाली आणि मी खोटा ठरलो नाही, म्हणून बरं वाटलं. हे लिहायला नको होतं. पण लिहिलं आहे तर राहू दे.

ऑगस्टात एकतीस होते. मार्चमध्ये सत्तावीस. खाली का गेली पोर?

२८ जून १९९७

दुपारपासून हातात पेन घेऊन बसलोय. क्रमाने लिहितो.

सकाळी माझा सत्कार होता. शाल, नारळ, चेअरमनसाहेबांचे दोन शब्द. पर्यवेक्षकपदाची घोषणाही त्यांनी करून टाकली, ऑर्डर सोमवारी निघेल म्हणाले. चंदनबाला पहिल्या रांगेत होती. कार्यक्रम संपला, लोक चहाकडे वळले. शाल खांद्यावर तशीच ठेवून मी वर्गात वही आणायला गेलो तर दारात मुक्ताबाई आणि आम्रपाली. मागून चंदनबालाही आली.

मुक्ताबाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड काढलं आणि त्याच्या आतून एक कागद. घड्या इतक्या वेळा पडलेल्या की चार तुकडे व्हायचेच बाकी होते. कार्बनची प्रत. माझं अक्षर.

"बसा की," मी म्हटलं.

"हुबीच बरी हाय." त्यांनी कागद दोन्ही हातांत धरला आणि वाचायला लागल्या. बोट शब्दाखाली ठेवून, एकेक अक्षर जोडत. "माझी... मुलगी... कु... आम्र... पाली." मी म्हटलं, अहो मला माहीत आहे त्यात काय आहे. चंदनबाला म्हणाली, "वाचू द्या त्यांना."

बाहेर चहाचे कप वाजत होते. "शाळेत... नियमित... येणे... जमत... नाही." तिथे त्यांनी मान वर केली, परत बोट ठेवलं. "सबब" हा शब्द नीट वाचला. "स्वखुशीने"ला अडल्या, मागे गेल्या, परत जोडला. शेवटच्या तक्रारीच्या ओळीपर्यंत सगळा अर्ज वाचला. किती वेळ गेला सांगता येत नाही. मी शाल काढून बाकावर ठेवली.

"ह्ये मी म्हणलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

मी बाकावरच्या शालीची घडी घातली.

"घरात दुसरा कागद न्हवता सर. वर्गाचं पुस्तक पावसात गेलं. तुमचं अक्षर लय सुरेख, म्हणून ह्येच्यावरच वाचाया शिकली. सा म्हयनं. पोरगीला म्हणायची, तू वाचून दाव की. तर म्हणायची, आये, तूच वाच. दिवाळीपातुर पयली वळ झाली. थंडी पडल्यावर समदं कळलं. तवा आली व्हती मी. तुमी म्हणला उद्या ये. दुसऱ्या दिशी आली तर कुलूप. दुपारपातुर बसली."

रविवार. म्हणजे त्या आल्या होत्या.

मी आम्रपालीकडे वळलो. वळलो कारण आईकडे बघवत नव्हतं. म्हटलं, "अगं, मी शिकवत होतो ना? तूच यायची बंद झालीस." माझा आवाज मलाच चोरटा वाटला.

"पासात नाव न्हाई म्हणून कंडक्टरनं उतरीवलं, सर," ती म्हणाली. "जूनमधीच. रोजच्या तिकिटाला कुठलं यायचं? मग चालत याची. बागंत दिवसभर काम करून सा किलोमीटर. जाताना अंधार पडाया लागला, तवा आय न्हाई म्हणली."

"मला सांगायचंस!"

"ती यादी तुमच्याच अक्षरात व्हती. तुमीच नाव काढल्यावर तुमास्नी काय सांगायचं?"

लाल शाईची एकच सरळ रेघ. मी उभा होतो त्या जागेवरून ती यादी दिसत होती. या जूनची नवी, पण त्याच चौकटीत, तशीच स्वच्छ. पाय बघायला हवेत, असं चंदनबाला पंधरा ऑगस्टलाच म्हणाली होती. अक्षता माझ्या तोंडाकडे बघत राहिली होती. सगळ्यांना दिसत होतं. या डायरीतसुद्धा मीच लिहून ठेवलंय सगळं, आज मागे जाऊन वाचलं, पानोपानी आहे.

मला रडू आलं. पोरीसमोर, तिच्या आईसमोर आलं. मी म्हटलं, माझं चुकलं. मुक्ताबाईंनी ते ऐकून घेतलं. त्या काही माझे डोळे पुसायला आल्या नव्हत्या.

"आता दुसरा अर्ज लिव्हा," त्या म्हणाल्या. "ह्या बारीला मी सांगते तसा."

मी कागद घेतला. सवयीने खाली कार्बन घातला. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. त्यांचं म्हणणं साधं होतं. पोरगी नापास झाली तरी तिला ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेपर्यंत दहावीच्या वर्गात बसू द्यावं, पासाच्या यादीत नाव घालावं आणि फॉर्म शाळेमार्फत भरावा. पास झाली तर शाळेची म्हणून, नापास झाली तरी शाळेची म्हणून. नियमात बसतं की नाही मला माहीत नाही. हेडसर म्हणतील बसत नाही. गेल्या जूनमध्ये केलं ते तरी कुठल्या नियमात बसत होतं?

पहिलं वाक्य त्यांनी सांगितलं ते असं : "माझ्या पोरीचं नाव मगदूम सरांनी मला न सांगता शाळेतनं काढलं."

माझं पेन थांबलं. अर्ज हेडसरांकडे जाणार, तिथून चेअरमनसाहेबांकडे. मी लिहिलं : "माझ्या मुलीचे नाव मला न सांगता शाळेतून कमी करण्यात आले." अर्जाची भाषा अशीच असते, असं मनाला सांगितलं. पुढचं सगळं त्यांच्या सांगण्याप्रमाणे लिहिलं आणि कागद सहीला पुढे केला.

त्यांनी पेन घेतलं नाही. कागद उचलला, बोट ठेवलं आणि वाचायला लागल्या. पहिल्याच ओळीला बोट पुढे सरकलं, मागे आलं, परत सरकलं.

"आमू," त्या लेकीला म्हणाल्या, "ह्यात मगदूम सर कुठं हायती?"

आम्रपाली माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. मागे त्या मधल्या सुट्टीत औषधांची पाकिटं घेऊन आली होती तेव्हा बघत होती तशीच, उत्तर मिळेल या आशेने.

मी तो कागद फाडला. दुसरा घेतला, कार्बन नीट लावला आणि त्यांचं वाक्य त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, माझ्या नावासकट. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत परत वाचलं आणि सही केली. या वेळी पाच मिनिटं लागली नाहीत. कार्बनची प्रत घडी करून रेशनकार्डात ठेवली. जुनी प्रत मी मागितली, तर म्हणाल्या, "न्हाई. ती माझी हाय."

चंदनबाला त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेली. ती अजून माझ्याशी बोललेली नाही, पण जेवायला वाढलंय.

मूळ अर्ज माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. सोमवारी साडेदहाला हेडसरांच्या टेबलावर ठेवायचा. पर्यवेक्षकाची ऑर्डर अजून टाइप झालेली नाही.